दुखणं आधी की उदासी आधी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) केलं आहे आणि बडोद्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. कंबर-मानेच्या जुनाट दुखण्याचे रुग्ण रोज येतात. अनेकांची झोप उडालेली असते, उमेदही खचलेली असते. याच विषयात पीएचडी करून पुढे संशोधनच करायचं आहे. दोनशे रुग्णांकडून नैराश्याची प्रश्नावली एकदा भरून घेतली तर पुरेल का? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : प्रबंध होईल, पण खरा प्रश्न तसाच राहील. एकाच भेटीत दोन्ही मोजलं की दुखणं आणि नैराश्य जोडीने असतात एवढंच दिसतं. आधी काय आलं, ते कळत नाही. म्हणून तेच रुग्ण निदान तीनदा मोजा : सुरुवातीला, ३ महिन्यांनी आणि १२ महिन्यांनी. मधे गळती होणारच. समजा, शेवटी ३८५ जण हवेत आणि २० टक्के गळती धरली, तर ३८५ ला ०.८ ने भागा, म्हणजे ४८२. विद्यार्थी ३८५ मध्येच २० टक्के मिळवून ४६२ धरतात आणि शेवटी माणसं कमी पडतात.

आता प्रश्नावली. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले की नैराश्याची शक्यता धरतात. घोटाळा इथेच होतो. झोप, थकवा, भूक हे प्रश्न पाठदुखीच्या माणसालाही लागू पडतात. कूस बदलताना जाग येते म्हणून झोपेचे ३, दिवसभर गळाल्यासारखं म्हणून थकव्याचे ३. उदासी नसताना ६ गुण झाले! म्हणून पहिल्या दोन प्रश्नांचे, म्हणजे रस न वाटणं आणि उदास वाटणं यांचे गुण वेगळे लिहून ठेवा. हालचालीच्या भीतीसाठी टॅम्पा मापिका, म्हणजे ही भीती मोजणारी विधानांची यादी, घ्या. तिच्या १७ विधानांपैकी ४, ८, १२ आणि १६ या क्रमांकांचे गुण उलटे मोजायचे असतात. हे विसरलं की आकडेमोड बिघडते आणि चटकन लक्षातही येत नाही.

नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. तो रुग्ण खोलीतून बाहेर पडण्याआधी वाचा, घरी जाऊन गठ्ठा उघडताना नव्हे. शून्यापेक्षा जास्त गुण असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय आधी लेखी ठरलेली हवी. संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समितीही हे विचारतेच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा.

बडोद्यात भाषेचं कोडं निराळं. गुजराती ‘कळतर’ आणि मराठी ‘कळ’ कानाला सख्खी वाटतात, पण कळतर म्हणजे अंगभर रेंगाळणारी कसर आणि कळ म्हणजे एकाएकी उठणारी वेदना. रावपुऱ्यातला मराठी माणूस दोन्ही शब्द वापरेल, कुठला कुठल्या अर्थाने ते विचारूनच घ्या. मापिकेचं भाषांतर करावं लागलं तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, ते जुळवावं, मूळ न पाहिलेल्याने परत उलट भाषांतर करावं, मग ३०-४० रुग्णांवर वाचून पाहावं. तयार मराठी-गुजराती आवृत्ती असेल तर हा खटाटोप टाळा. पीएचक्यू-९ वापरायला परवानगी लागत नाही, बऱ्याच इतर मापिकांना लागते.

पीएचडीला सामान्यतः पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. नियमाने किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. १२ महिन्यांचा पाठपुरावा यात बसवायचा, तर रुग्णनोंदणी दुसऱ्या वर्षात सुरू व्हायलाच हवी. सयाजीराव विद्यापीठात वैद्यक आणि मानसशास्त्र दोन्ही आहेत, त्याचा फायदा घ्या आणि दोन्हीकडचा एकेक मार्गदर्शक मिळवा. एकट्या अस्थिविभागात राहिलात तर मन हे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होऊन बसतं.

प्रश्न : आईचे गुडघे वर्षभर दुखतात. डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिलं. औषधवाले म्हणाले, हे नैराश्याचं आहे. तिला वेड लागलंय असं समजायचं का? – एक वाचक, वाडी

उत्तर : मुळीच नाही. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटा सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवर चालतात. हे औषध ती दोन्ही वाढवतं, म्हणून दुखण्यावरही देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतलं तर कमी होते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्तदाब तपासत राहा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, चक्कर आणि बेचैनी येते. मात्रा हळूहळू डॉक्टरच कमी करतील.

प्रश्न : अशा अभ्यासात भाग घेऊन मधेच सोडला तर उपचार थांबतात का? – एक वाचक, फतेहगंज

उत्तर : नाही. केव्हाही सोडता येतं, कारणही सांगावं लागत नाही. सही करण्याआधी संमतिपत्राची एक प्रत मागून घ्या आणि त्यावर नैतिकता समितीचा दूरध्वनी आहे ना, ते बघा.