पॅरामॅटाकडे येताय? कॅथलिक शाळेबद्दल थोडं सविस्तर

ताई, नाशिकहून सिडनीच्या पॅरामॅटाला येतोय, मुलीला कॅथलिक शाळेत घालावं का, हिंदू मुलांना घेतात का, असं तुम्ही विचारलंय. घेतात, आणि बरीच असतात. पण नाशिकची कॉन्व्हेंट डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. मी वसईचा कॅथलिक, माझी मुलं इथल्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, शाळेत शिकली. ही शाळा मला जवळची आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे लोक कॉन्व्हेंटसमोर रांग लावतात ती इंग्रजीसाठी. इथे इंग्रजी सगळीकडेच आहे आणि सरकारी शाळाही चांगल्या असतात. कॅथलिक शाळा टिकली ती श्रद्धेपायी, आणि टिकवली गरिबांनी. फादर थेरी यांनी १८२० मध्ये पॅरामॅटातच पहिली कॅथलिक शाळा उघडली, तेव्हा ही कैद्यांची वसाहत होती. पुढे न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनी ज्यात येतं त्या राज्याने, १८८० चा कायदा केला आणि १८८२ अखेर चर्चच्या शाळांचं अनुदान बंद झालं. बिशपांनी आयर्लंड, फ्रान्समधून सिस्टर आणि ब्रदर आणले. त्यांनी जवळपास बिनपगारी शिकवलं, आयरिश मजुरांनी वर्गणी काढून वर्ग बांधले.

मेरी मॅकिलॉप या ननचं नाव तुमच्या मुलीच्या कानावर पडेलच. १८६६ मध्ये पेनोला गावात घोड्यांच्या तबेल्यात त्यांनी शाळा सुरू केली. फी देता येत नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्यांच्या संघातल्या सिस्टर दोघी-तिघी मिळून आडगावात राहायच्या. १८७१ मध्ये बिशपांनी त्यांना चर्चमधून बहिष्कृत केलं, काही महिन्यांत तो बहिष्कार उठला, आणि २०१० मध्ये त्या संत ठरल्या.

अनुदान परत कसं आलं, तेही ऐका. १९६२ मध्ये गोलबर्न गावात एका कॅथलिक शाळेला जादा शौचालयं बांधायला सांगितलं. पैसे नव्हते. पालकांनी गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळा बंद ठेवल्या आणि सुमारे २,००० मुलं सरकारी शाळांच्या दारात उभी केली. जागा मिळाली जेमतेम ६४० जणांना. या शाळा सरकारचा केवढा भार उचलतात, हे देशाने त्या आठवड्यात पाहिलं. पुढच्या दोन वर्षांत विज्ञान प्रयोगशाळांसाठी केंद्राची मदत सुरू झाली. आज देशातलं साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक शाळेत आहे आणि बराचसा खर्च सरकार देतं. म्हणून पॅरिशच्या शाळेची फी आवाक्यात राहते. सिस्टर-ब्रदरांच्या जुन्या संघांची मोठी कॉलेजं (इथे हायस्कूललाही कॉलेज म्हणतात) मात्र महागच.

या शाळांवर काळा डागही आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या आयोगाने, २०१७ च्या अहवालात चर्चच्या संस्थांबद्दल फार गंभीर गोष्टी नोंदवल्या. बालसुरक्षेची व्यवस्था काय आहे, हे प्रिन्सिपलना बिनदिक्कत विचारा. विचारायलाच हवं.

प्रवेशात आधी पॅरिशमधली कॅथलिक मुलं, मग भावंडं, मग बाकीचे. मुलाखतीत धर्मशिक्षणाचा विषय निघेल. तो तास सगळ्यांना असतो, प्रार्थना आणि मिसाही (चर्चमधली सामूहिक उपासना) असतात. तुमची मुलगी कम्युनियन (मिसातला पवित्र प्रसाद) घेणार नाही, पण बाकी वर्गाबरोबर चर्चमध्ये बसेल. हे मनापासून चालणार असेल तरच अर्ज करा. इंग्रजीच्या मोहाने येत असाल तर घराजवळची सरकारी शाळा बघा.

लसीकरणाचं कार्ड सोबत आणा, इथल्या डॉक्टरकडून त्याची सरकारी नोंद करून घ्यावी लागते. तात्पुरत्या व्हिसावर या राज्यात सरकारी शाळेलाही फी पडू शकते, तेव्हा दोन्हीकडचे आकडे घेऊन मगच ठरवा. व्हिसा कुठला मिळतोय ते कळवा, पुढचं त्याप्रमाणे सांगतो.