मासे ठणठणीत, प्रवाळ मात्र मिटलेले

प्रश्न : माझ्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षांपासून व्यवस्थित चालू आहे. तीत झोआ, मशरूम, लेदर व झेनिया हे मऊ प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप आणि काही टर्बो गोगलगाई अशी वस्ती होती. मागच्या आठवड्यात ४० लिटर पाणी बदलले आणि दोन दिवसांत झोआ मिटले ते उघडलेच नाहीत. झेनिया गळून पडला, लेदरचे पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडे) बाहेर येत नाहीत, श्रिंप मेला आणि गोगलगाई उलट्या पडल्या आहेत. मासे मात्र नेहमीसारखे खातात. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, केएच (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८, विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २६ अंश आहे. पाणी आरओचेच वापरतो. फक्त मीठ कालवण्याची बादली फुटल्यामुळे या वेळी बागेतले टिपाड स्वच्छ धुऊन घेतले होते. दुकानदार लाइट कमी करून आयोडीन घालायला सांगतात. कोणते औषध घालावे?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : कोणतेही औषध घालू नका, आयोडीनही नको. आपण दिलेले आकडे चांगले आहेत, आणि म्हणूनच कारण या आकड्यांच्या बाहेर शोधावे लागेल. अमोनिया वाढला असता किंवा पाण्यातील प्राणवायू कमी पडला असता, तर माशांनीही पृष्ठभागावर येऊन धापा टाकल्या असत्या. प्रकाश किंवा उष्णता यांचा त्रास झाला असता, तर प्रवाळांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर पडून त्यांचा रंग आधी फिका झाला असता. आपण रंग उडाल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ते मिटल्याचे लिहिले आहे, आणि हे बहुधा पाण्यातील दाहक पदार्थाचे लक्षण असते. मासे सुखरूप राहून श्रिंप, गोगलगाई आणि प्रवाळ असे तिन्ही प्रकारचे अपृष्ठवंशीय (पाठीचा कणा नसलेले) प्राणी एकाच वेळी कोसळतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यावा लागतो. घरात फवारलेल्या डासांच्या किंवा झुरळांच्या औषधाचा अंश एअर पंपातून टाकीत गेला, तरीही श्रिंप मरतो. परंतु त्या गटातील बहुतेक औषधांचा गोगलगाईंवर तितका परिणाम होत नाही. म्हणून आपल्या टाकीतील गोगलगाईंची साक्ष मला फार मोलाची वाटते.

आता टिपाडाकडे येऊ. केवडा या पानांवरील रोगासाठी द्राक्षबागेत जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचे असते, आणि मोरचूद लोखंडाला खात असल्यामुळे ते प्लॅस्टिकच्या टिपाडातच कालवले जाते. पावसात धुऊन न जाता पानाला चिकटून राहणे हाच या मिश्रणाचा गुण आहे. त्यामुळे टिपाडाच्या आतील ओरखड्यांत बसलेला निळसर थर पाण्याने विसळून निघत नाही. एक ग्रॅम मोरचुदात सुमारे पाव ग्रॅम तांबे असते. त्याचा केवळ दहावा भाग २०० लिटर पाण्यात पूर्ण विरघळला, तरी लिटरमागे सव्वाशे मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम तांबे होते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वेगळ्या टाकीत जो तांब्याचा उपचार करतात, त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते. हे प्रमाण मासे सोसतात, पण श्रिंप आणि प्रवाळ सोसत नाहीत. आपल्याकडे नेमके हेच घडलेले दिसते.

खात्री करून घेण्याचा मार्ग असा आहे. त्याच टिपाडात थोडे ताजे आरओ पाणी दिवसभर ठेवून त्याची तांब्याच्या किटने तपासणी करावी, कारण टाकीत गेलेले पाणी पाच पटींनी पातळ झाले आहे आणि टिपाडात तेच प्रमाण ठळक दिसते. त्यानंतर टाकीचे पाणी तपासावे. टाकीत किटने शून्य दाखवले, तरी निर्धास्त राहू नका. अपृष्ठवंशीयांना घातक ठरणारे सूक्ष्म प्रमाण घरगुती किटला दिसेलच असे नाही. आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याच्या जवळ असेल, तर आरओ निर्दोष मानायला हरकत नाही.

तपासणीची वाट न पाहता खाण्याच्या दर्जाच्या नव्या बादलीत मीठ कालवून, तापमान आणि विशिष्ट गुरुत्व टाकीशी जुळवून २५ टक्के पाणी आजच बदला, आणि दोन दिवसांनी पुन्हा तितकेच बदला. फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा ठेवा. तांबे शोषणारे रेझिनचे दाणे किंवा पॉलिफिल्टर ही शोषक गादी मिळाल्यास अधिक चांगले. पॉलिफिल्टर तांबे शोषताना निळसर होतो, म्हणजे तो उपचाराबरोबर पुरावाही देतो. तांब्याचा काही भाग खडक आणि वाळू यांच्या कार्बोनेटला चिकटतो आणि पुढे हळूहळू सुटू शकतो, त्यामुळे एका पाणीबदलाने झोआ उघडले नाहीत म्हणून धीर सोडू नका, आणि नवा श्रिंप आणण्याची घाईही करू नका. मेलेल्या गोगलगाई आणि झेनियाचे अवशेष मात्र लगेच काढा, कारण ते कुजले की आज शून्य असलेला अमोनिया उद्या शून्य राहणार नाही.

येथे एक सूचना मनापासून करतो. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. मरणारे झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. तो खडक उकळत्या पाण्यात टाकू नका किंवा ब्रशने घासू नका, कारण वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जाते. घरात मुले असतील, तर हे काम त्यांना दूर ठेवूनच करा.

रिकाम्या झालेल्या जागी कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणण्याचा विचार कोणी सुचवला, तर तो मानू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. मालवणच्या सहलीतून खडकाचा तुकडा उचलून आणणेही तितकेच गैर आहे. तेथील समुद्री अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये दुपारी माझ्या टाकीचे तापमान ३१ अंशांवर जाते आणि मशरूम आक्रसतात. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) परवडत नाही. पंख्याने भागेल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : उन्हाळ्यात भागेल. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, आणि आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय तेव्हा चांगला चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग घटतो, पण तेव्हा त्याची गरजही कमी असते. बाष्पीभवनात पाणी उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून घट भरून काढताना खारे पाणी न घालता आरओचे गोडे पाणीच रोज घाला. अन्यथा आठवड्याभरात पाण्याचा खारेपणा चढून नवे दुखणे सुरू होईल. टाकीवरील काचेचे झाकण काढून जाळी बसवा आणि लाइट दुपारऐवजी संध्याकाळी चालू राहील असा टायमर लावा. वीज गेल्यास चालणारा बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अशा वेळी प्रवाह थांबणे हे उष्णतेपेक्षाही अधिक घातक ठरते.