महापौरपदाची वाट आणि नित्रा शहरातील एक मुलगी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपले यजमान स्लोव्हाकियातील नित्रा येथे टाटा समूहाच्या मालकीच्या मोटार कारखान्यात नोकरीस आहेत, सात वर्षे आपले बिऱ्हाड तेथेच आहे आणि सतरा वर्षांची कन्या पुढील वर्षी मातुरिता, म्हणजे तेथील शालान्त परीक्षा, देणार आहे, असे आपण कळवले आहे. शाळेसाठी तिने माजी राष्ट्राध्यक्ष रुडॉल्फ शूस्टर यांच्यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून स्थापत्य अभियांत्रिकी नको, राज्यशास्त्रच हवे, असा हट्ट धरला. राजकारणात जायचे तर अभियांत्रिकी कशाला, हा तिचा प्रश्न. परक्या मुलखात आपल्या मुलीला कोण विचारणार, हा आपला.

तिच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शूस्टर स्वतःच स्थापत्य अभियंता होते. त्यांचा जन्म 1934 साली पूर्व स्लोव्हाकियातील कोशित्से शहरात झाला, बालपण मेद्झेव या कार्पेथियन जर्मनांच्या, म्हणजे स्लोव्हाकियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मन भाषकांच्या, गावात गेले आणि पदवी त्यांनी ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हाक तंत्र विद्यापीठातून घेतली. पुढे कोशित्सेच्या प्रचंड पोलाद कारखान्यात नोकरी केल्यानंतर ते शहराच्या प्रशासनात आले. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे पाच वर्षे होते. कोशित्सेचा कारभार मात्र ते दोन वेगवेगळ्या राजवटींत मिळून त्याहून अधिक काळ पाहत होते. निबंधात मुलीने राष्ट्राध्यक्षपदाला अधिक जागा दिली असेल, तर मी तिला कोशित्सेकडे पुन्हा एकदा पाहण्यास सांगेन.

त्या शहराचा मुख्य रस्ता, ह्लाव्ना, शूस्टर महापौर असताना 1990 च्या दशकाच्या मध्यास नव्याने बांधला गेला. आज तेथे रस्त्याच्या मधून वाहणारा पाण्याचा अरुंद पाट दिसतो. नाट्यगृह आणि संत एलिझाबेथ कॅथेड्रल यांच्यामध्ये संगीताच्या तालावर उसळणारे कारंजे आहे. खोदकाम चालू असताना जमिनीखाली मध्ययुगीन तटबंदीच्या दक्षिणेकडील वेशीचे अवशेष लागले, आणि ते बुजवून न टाकता तेथे भूमिगत संग्रहालय करण्यात आले. अशा वेळी काम थांबवायचे की आराखडा बदलायचा, वाढीव खर्च कोठून आणायचा आणि दुकाने महिनोन्‌महिने धुळीत राहिलेल्या व्यापाऱ्यांना काय सांगायचे, हे सारे महापौराच्या टेबलावर येऊन पडते. त्या काळात शहरावर मोठे कर्जही झाले आणि ते पुढच्या कारभाऱ्यांना निस्तरावे लागले. ही बाजू तिने निबंधातून वगळली असेल, तर ती अवश्य घालावी. नकाशा आणि अंदाजपत्रक वाचता येणारी व्यक्ती नगरसभेत बसली, की ठेकेदाराने किंवा अधिकाऱ्याने पुढे केलेला आकडा तिला डोळे झाकून मान्य करावा लागत नाही. म्हणूनच अभियांत्रिकीचे शिक्षण वाया जाईल, असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र त्यांची संपूर्ण वाट आज कोणालाही चालता येणार नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. 1983 ते 1986 या काळात ते प्रथम शहराचे प्रमुख झाले, तेव्हा ते पद मतदारांच्या पसंतीने नव्हे, तर एकपक्षीय व्यवस्थेतून मिळत असे आणि शूस्टर कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. 1989 च्या अखेरीस राजवट कोसळत असताना ते स्लोव्हाक राष्ट्रीय परिषदेचे, म्हणजे स्लोव्हाकियाच्या विधिमंडळाचे, अध्यक्ष झाले आणि पुढे कॅनडात चेकोस्लोव्हाकियाचे राजदूत म्हणून गेले. परत आल्यावर 1994 साली त्यांनी कोशित्सेच्या नागरिकांकडे मते मागितली आणि ती त्यांना मिळाली. त्यांच्या कारकिर्दीतील हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. राष्ट्राध्यक्षपद तर ठरवून मिळवण्याजोगे नव्हतेच: तेव्हा राष्ट्राध्यक्ष संसद निवडत असे; आधीचे राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच यांची मुदत मार्च 1998 मध्ये संपल्यावर संसदेला तीन पंचमांश बहुमत जमेना, पद वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिले, 1999 च्या आरंभी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती झाली आणि मे महिन्यात शूस्टर यांनी माजी पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांचा सुमारे 57 टक्के मते घेऊन पराभव केला. 2004 साली मात्र ते पहिल्याच फेरीत बाद झाले.

आता आपली शंका. ती स्वाभाविक आहे, परंतु स्लोव्हाकियाचा कायदा आपल्याला वाटतो त्याहून उदार आहे. गावात किंवा शहरात कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी नागरिकालाही तेथील स्थानिक निवडणुकीत अठराव्या वर्षापासून मतदान करता येते आणि नगरसभेसाठी उभेही राहता येते. महापौरपदासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. संसद आणि राष्ट्राध्यक्षपद यांसाठी मात्र स्लोव्हाक नागरिकत्वच लागते, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने त्या वेळी भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. तो निर्णय आज घेण्याचे कारण नाही. आपल्या कुटुंबाचा परवाना नेमका कोणत्या प्रकारचा आहे, तात्पुरता की कायमस्वरूपी, एवढे परदेशी नागरिकांच्या पोलीस कार्यालयातून आताच खात्री करून घ्यावे.

माझा सल्ला असा, की तिने स्थापत्य अभियांत्रिकीसाठीच अर्ज करावा आणि स्लोव्हाक माध्यम निवडावे. सार्वजनिक विद्यापीठांत त्या भाषेतील पूर्णवेळ शिक्षणाला सहसा शुल्क पडत नाही. शिवाय उद्या मतदारांशी जिच्यातून बोलायचे, ती भाषा इंग्रजी माध्यमातून पक्की होणार नाही. राज्यशास्त्राची ओढ खरी असेल, तर पदवीनंतर नगरनियोजन किंवा सार्वजनिक प्रशासन हे विषय तिला घेता येतील.

तोवर एक गोष्ट करावी. नित्राच्या नगरसभेच्या बैठका नागरिकांसाठी खुल्या असतात. पुढील बैठकीला आपण दोघी जा, शेवटचा विषय होईपर्यंत बसा आणि घरी आल्यावर तिला जे समजले नाही ते तिच्याकडून लिहून घ्या. ती यादी मला पाठवावी. पुढचे उत्तर मी तिलाच लिहीन.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक