बायको मारते तेव्हा नवऱ्याने स्वतःला वाचवलं तर तो गुन्हा कसा?

प्रश्न लांबलचक आहे म्हणून मला कळला तसा आधी थोडक्यात लिहिते. मित्राची बायको बऱ्याच दिवसांपासून त्याच्यावर हात उचलते. परवा तिने मोबाईल फेकून मारला, अंगावर धावून आली, हातांवर नखांनी ओरबाडलं, त्याने तिला ढकललं आणि ती कपाटावर जाऊन आपटली. आता दोन्हीकडचे लोक त्यालाच म्हणतायत की बाईवर हात टाकलास, लाज नाही वाटत. आणि तुम्ही विचारताय की पुरुषाने नुसतं मार खात उभं राहायचं का, आणि समान हक्क हवेत तर मारही समान का नको.

(मित्राचंच असेल तर मित्राला वाचायला द्या, तुमचं असेल तर तुम्ही वाचा. मला दोन्ही चालतं.)

मी काही वर्षं घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायचे. बहुतेक फोन बायकांचे, पण पुरुषांचेही यायचे आणि ते लगेच ओळखू यायचे, कारण माणूस बराच वेळ मुद्द्यावरच यायचा नाही. हे रेकॉर्ड होतं का, नाव सांगावं लागतं का, वकील मिळतो का, असं सगळीकडून फिरून मग एकदम हसायचा आणि म्हणायचा, मॅडम तुम्हाला गंमत वाटेल पण... एकाचा दात पडला होता आणि तो मला सांगत होता की मला गंमत वाटेल. म्हणजे आजवर ज्याला ज्याला सांगितलं असेल त्याला गंमतच वाटली असणार ना.

तर सरळ उत्तर: नाही, मार खात उभं राहायचं नाही. अंगावर येणाऱ्याला ढकलून बाहेर पडणं हा बचाव आहे आणि बचावाचा हक्क कायद्यात कोणत्याही व्यक्तीला आहे, तिथे नवरा-बायको असं काही नाही. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही त्याची कलमं, जुन्या आयपीसीत ९६ ते १०६ होती. बाकी देशांतही शब्द वेगळे असले तरी सांगाडा साधारण हाच, धोका आत्ताचा हवा आणि तो थांबवायला लागेल तेवढंच करायचं.

आता 'समान मार' बद्दल. हे वाक्य मला पटत नाही, आणि मी बाई आहे म्हणून नाही. बचावात समान असं काही नसतंच, पुरेसं असतं. पन्नास किलोचा माणूस ऐंशी किलोच्या माणसाला चापट मारतो तेव्हा हात धरला, मागे सरकलं, खोलीतून निघून गेलं तरी विषय थांबतो, तिथे बुक्की मारायची गरज नाही, मग ते दोघे नवरा-बायको असोत की दोन भाऊ. तोच पन्नास किलोचा माणूस सुरी घेऊन आला की वजनाला काय अर्थ आहे? मग जे हाताला लागेल ते. म्हणजे प्रश्न अंगाचा आणि हातातल्या वस्तूचा आहे, बाईचा-पुरुषाचा नंतर. आणि वेळेचा आहे. ती मोबाईल फेकून परत धावून येते आणि तो ढकलून बाहेर जातो, हा बचाव. ती फेकते, दमते, खाली बसून रडायला लागते आणि हा दोन मिनिटांनी उठून तिच्या कानाखाली देतो, ही मारहाण. आधी कोणी सुरू केलं याने त्यात फरक पडत नाही. तुम्ही 'स्वतःला वाचवणं' आणि 'एकदा धडा शिकवणं' हे एकाच दमात लिहिलंय म्हणून एवढं सांगावं लागलं.

दुटप्पीपणा आहे का? आहे, शंभर टक्के आहे. बाईने पुरुषाच्या मुस्काटात मारली की बघणारे धरून चालतात की त्यानेच काहीतरी केलं असणार. मार खाणाऱ्यालाच विचारायचं की तू काय केलंस, हा प्रश्न बायकांना कायम विचारला जातो आणि तो किती घाणेरडा आहे हे आता बऱ्याच लोकांना कळतं, पण समोर पुरुष असला की तेच लोक तोच प्रश्न बिनधास्त विचारतात.

पण हा दुटप्पीपणा बायकांच्या फायद्याचा आहे असं तुम्हाला वाटतंय, तिथे मी थांबवेन. बाईने मुकाट मार खाल्ला तर ती बिचारी. तिने उलट एक जरी दिली, शिवी घातली, चावली, की ती 'तशीच आहे'. फोनवर अशा बायका यायच्या आणि आधी स्वतःचंच सांगायच्या, मी पण मारलंय हो त्याला, मग माझी तक्रार घेतील का. पुरुषाला कोणी काही करूच शकत नाही आणि बाई कोणाला काही करूच शकत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की मार खाणारा पुरुष खोटा ठरतो आणि प्रतिकार करणारी बाईही खोटी ठरते.

आता एक गोष्ट जरा कडू आहे. तुम्ही लिहिलंय की त्याच्या हातांवर नखांचे ओरखडे आहेत. हे ऐकलं की मी आधी विचारते, त्या वेळी त्याचे हात कुठे होते? कारण एखाद्याने गळा दाबला की दाबला जाणारा माणूस त्या हातांना ओरबाडतो, मनगटाला चावतो, मिळेल ते करतो. पोलीस येतात तेव्हा एकाच्या हातातून रक्त येत असतं आणि दुसऱ्याच्या गळ्यावर काहीच नसतं, मग ज्याच्या अंगावर खूण नाही तोच हल्लेखोर दिसतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात गळा दाबल्याच्या ३०० केसेस तपासल्या होत्या, २००१ मध्ये त्यावर लेख आले, त्यातल्या साधारण निम्म्या केसेसमध्ये गळ्यावर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पोलिसांना सांगितलेलं असतं की दोघांनाही जखमा दिसल्या म्हणून दोघांनाही उचलू नका, यात मुख्य हल्लेखोर कोण आणि कोणत्या जखमा बचावाच्या ते बघा. तुमचा मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणत नाहीये. ती धावून आली तेव्हा त्याने हात आडवे धरले असतील तर ओरखडे बरोब्बर तिथेच येतात. फक्त गोष्ट मला एका बाजूने माहितीये, आणि तुम्हालाही. खूण कोणाच्या अंगावर आहे यावरून निकाल लावता येत नाही, ना त्याच्याविरुद्ध ना तिच्याविरुद्ध.

मग कशावरून कळतं? माझ्यासाठी पहिला प्रश्न कायम हाच असायचा की घरात कोण कोणाला घाबरतं. दाराचं लॅच वाजलं की कोणाच्या पोटात गोळा येतो, फोन कोणाचा तपासला जातो, पगार कोणाच्या हातात जातो, मित्रांना भेटणं कोणाचं बंद झालं, कोणता विषय काढायचा नाही हे कोणाला पाठ झालंय. यावर अभ्यासकांचंही बरंच भांडण झालेलं आहे. मरे स्ट्रॉस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात जोडप्यांना विचारायची एक प्रश्नावली बनवली, ढकललं का, चापट मारली का, वस्तू फेकली का, किती वेळा. अशा सर्वेक्षणांत बायका आणि पुरुष जवळपास सारखेच निघायचे. पोलीस, दवाखाने आणि निवारागृहांचे आकडे मात्र सांगायचे की मार खाणाऱ्या बहुतेक बायकाच. मायकेल जॉन्सन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये म्हटलं की अहो तुम्ही दोघे वेगवेगळी गोष्ट मोजताय. एक म्हणजे भांडण तापलं आणि हात उठला, हे दोन्हीकडून होतं. दुसरं म्हणजे एकाने दुसऱ्याचं अख्खं आयुष्य मुठीत ठेवणं, मार हे त्यातलं फक्त एक हत्यार, आणि हे करणारे बहुतेक पुरुष. बहुतेक, सगळे नाही. नुसत्या चापटा मोजल्या तर वाचण्यासाठी मारलेलीही त्यातच धरली जाते हाही घोळ आहेच. आणि शेवट बघायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या आकड्यांत जगभर जोडीदाराच्या हातून मेलेल्यांत साधारण ८२ टक्के बायका होत्या. लोक बाईचं ऐकल्यावर आधी घाबरतात ते उगाच नाही. पण उरलेले १८ टक्के पुरुषही मेलेच ना.

कायद्याचं तर आणखीनच विचित्र. बचावाचा कायदा दोन अनोळखी, साधारण सारख्या ताकदीचे पुरुष रस्त्यात भिडले असं डोळ्यासमोर ठेवून वाढला. घरात वर्षानुवर्षं मार खाणारं माणूस त्यात बसतच नाही, कारण मार चालू असताना उलट मारलं तर ते मरेल आणि नंतर मारलं तर तो बचाव नाही. किरणजीत अहलुवालिया या बाईने इंग्लंडमध्ये १९८९ साली, दहा वर्षं छळ सोसून, झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. खुनाची शिक्षा झाली, कारण चिथावणीच्या कायद्याला (चिथावल्यामुळे मारलं तर खुनापेक्षा कमी गुन्हा धरणारा) राग 'अचानक' आलेला लागायचा, आणि अचानक राग येऊन तिथल्या तिथे गळा आवळणं हे कोणाला जमतं ते तुम्हीच बघा. १९९२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली, पुढे खुनापेक्षा कमी गुन्ह्यावर ती सुटली. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये लाव्हाली केसमध्ये म्हटलं की मार खाणाऱ्या जोडीदाराच्या जागी 'सामान्य पुरुष' काय करेल याची कल्पना करणं जड जातं, कारण सहसा पुरुष त्या जागी नसतात. आणि न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लगेच पुढे लिहिलं, काही बायका असतात मात्र. एवढ्या मोठ्या निकालातलं हे एक वाक्य मला फार आवडतं. पण झोपलेल्या माणसाला मारणं याला मी बचाव म्हणणार का? नाही म्हणणार, बाईने केलं तरी नाही. त्याला खुनाची पूर्ण शिक्षा द्यावी का, हा वेगळा प्रश्न.

तुमची खरी तक्रार जिथे रास्त आहे ते हे: भारतात २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त बाईला संरक्षण देतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो 'प्रौढ पुरुष'च हवा ही त्यातली अट काढली त्यामुळे बाई आता दुसऱ्या बाईविरुद्धही दाद मागू शकते, पुरुष मात्र कोणाविरुद्धच नाही, त्याला मारहाणीची साधी कलमं किंवा घटस्फोट. इंग्लंडने २०१५ मध्ये जोडीदाराला धाकात ठेवणं हाच गुन्हा केला आणि त्यात लिंग लिहिलंच नाही. २०१८ मध्ये तिथे एका तरुणीला साडेसात वर्षांची शिक्षा झाली, जोडीदारावर उकळतं पाणी ओतायची, डॉक्टरकडे जाऊ द्यायची नाही. मला विचाराल तर बायकांचा कायदा आहे तसा ठेवून पुरुषांसाठीही संरक्षणाचा आदेश मिळण्याची सोय करता येईल, एकाचं काढून दुसऱ्याला द्यायची काय गरज आहे.

आता मित्राने काय करायचं. भांडण वाढतंय दिसलं की दाराकडची बाजू धरा, पण दार अडवून उभं राहू नका, तिला जायचं तर जाऊ द्या, नाहीतर तुम्ही निघा. दंड आवळून धरला तर दुसऱ्या दिवशी तिथे निळी बोटं उमटतात आणि मग तोच पुरावा तुमच्याविरुद्ध उभा राहतो, म्हणून ढाल करा, सुटा, बाहेर पडा. लागलं असेल तर डॉक्टरकडे जाऊन कसं लागलं ते खरं लिहून घ्या, 'जिन्यावरून पडलो' नाही. फोटो त्याच दिवशी. रागाच्या भरात मेसेज अजिबात नाही, 'बघून घेईन' हे दोन शब्द फार महागात पडतात. आणि कोणीही कोणाचाही गळा दाबला असेल तर लगेच दवाखाना, बाहेरून काही दिसत नसलं तरी, आतली रक्तवाहिनी दुखावली असेल तर काही दिवसांनी पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो, आणि ज्याने एकदा दाबला त्याच्याबरोबर राहायचं का याचा विचार त्याच दिवशी.

वेगळं राहायची तयारी आधी करा, कागदपत्रं, थोडे पैसे, एक विश्वासू माणूस ज्याला सगळं माहितीये. मुलं असतील तर ती त्या खोलीत होती का, त्यांनी काय पाहिलं, हेही लिहून ठेवा. आणि वकिलाकडे गेलात की पहिल्याच भेटीत ढकलल्याचं सांगा, कपाटासकट. ते त्याला समोरच्या वकिलाकडून कळलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.