डॉक्टर तीन, पण आजींकडे बघायचं कुणी?

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. बीपीचे, शुगरचे आणि गुडघ्याचे असे तीन डॉक्टर, शिवाय झोपेची एक गोळी चालू आहे ती कुणी सुरू केली तेच आता कुणाला आठवत नाही. हल्ली दोनदा पडल्या, दोन्ही वेळा रात्री बाथरूमला जाताना. प्रत्येक डॉक्टर म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे. मग दाखवायचं कुणाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एवढ्यात चौथा स्पेशालिस्ट नको, आधी आहेत त्यांना एकमेकांशी बोलू दे. नेहमी दिसतं ते असं की बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असते, तिने काहींच्या पायाला सूज येते, सूज बघून दुसरे डॉक्टर लघवीची गोळी लिहितात, मग रात्री दोन-तीनदा उठणं, त्यात झोपेच्या गोळीची गुंगी, उभं राहिलं की बीपी खाली आणि धाडकन पडणं. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर, पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघितल्यात कुणी? तुमच्याकडे हेच झालंय असं इथे बसून नाही सांगता येणार, पण शोध इथूनच सुरू करा.

घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलवाल्याने परस्पर दिलेल्यासुद्धा, पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरकडे न्या, फक्त एवढ्यासाठी वेगळा वेळ मागा. बीपी झोपवून आणि मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर बाकीच्या डॉक्टरांना फोन फॅमिली डॉक्टरांनीच करावा, तुम्ही निरोप्या होऊ नका, निरोपात डोस हमखास बदलतो. आणि झोपेची गोळी मनाने एकदम बंद करू नका.

फिजिओ मात्र घरी बोलवा. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. तो पलंगाची उंची, बाथरूममधला दांडाही बघेल, क्लिनिकमध्ये हे कुणाला दिसणार!

जेवणाचं पण विचारा. एक म्हणतो गोड बंद, दुसरा मीठ कमी, तिसरा भात नको, शेवटी आजी चहा-बिस्किटावर येतात आणि पायातलं बळच जातं. इतक्या अशक्त वयात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ च्या आसपास असली तरी बहुतेकदा चालते, ६.५ चा हट्ट धरला तर शुगर उतरून चक्कर यायची.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या ओपीडीची चौकशी करा, २०१०-११ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सोय आहे. माहितीसाठी एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांची हेल्पलाइन, १४५६७.