विनोदबुद्धी जुळवून ऑनलाइन जोडीदार शोधता येईल का?

तंत्र म्हणाल तर जुनंच आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केन गोल्डबर्ग यांच्या चमूने 'जेस्टर' नावाचा खटाटोप केला होता. शंभर विनोद, प्रत्येकाला पट्टी सरकवून उणे १० ते अधिक १० गुण द्यायचे. १९९९ ते २००३ या काळात ७३ हजारांवर लोकांनी मिळून ४१ लाख गुण दिले. तुमच्यासारखी आवड कुणाची हे हेरून त्यांना आवडलेला विनोद तुम्हाला सुचवायचा. विनोदाऐवजी माणूस सुचवला की झालं डेटिंग अ‍ॅप!

पण छापील विनोदाला सारखे गुण दिले म्हणून गप्पा रंगतीलच असं नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्या गप्पांना बसवल्या, तेव्हा दोघं एकत्र हसली तिथे ओढ जास्त दिसली. ते हसू आधी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये कसं सापडणार? शिवाय 'विनोदबुद्धी उत्तम' असं प्रोफाइलवर सगळेच लिहितात. माझ्या मैत्रिणीने अशाच एकाला लिहिलं, 'दुपारी एक ते चार मेसेज नको, पुण्याची आहे.' त्याने विचारलं, 'झोपेचा काही त्रास आहे का?'

तिने चार वाजता ब्लॉक केलं.