ईमेल पाठवून मुदत थांबत नाही

प्रश्न : लॅपटॉप घेऊन अडीच वर्षं झाली. आठव्या महिन्यात पडद्यावर उभ्या रेघा आल्या, वॉरंटीत पॅनेल बदलून मिळालं. अकराव्या महिन्यात पडदा लुकलुकू लागला, तेव्हा केबल पुन्हा बसवून दिली. पंधराव्या महिन्यात रेघा परत आल्या आणि वॉरंटी संपली म्हणून कंपनीने खर्च मागितला. तेव्हापासून ईमेल चालू आहेत. आता बाहेरून दुरुस्त करून घेऊ, की एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेऊ? कंपनीविरुद्ध काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. असे प्रश्न मला सतत येतात, कधी फ्रिजचे, कधी मोबाइलचे, आणि बहुतेकांनी तुमच्यासारखीच वर्ष-सव्वा वर्ष उत्तराची वाट पाहिलेली असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार, दाव्याचं कारण, म्हणजे जिच्यामुळे तक्रारीचा हक्क मिळतो ती घटना, घडल्यापासून 2 वर्षांत दाखल व्हावी लागते. तुमचा सगळा मामला या एका कलमावर उभा आहे.

हे कारण कधी घडलं? खरेदीच्या दिवशी नाही, कारण दोष तेव्हा दिसला नव्हता. कंपनीचा वकील आठव्या महिन्यातल्या पहिल्या जॉबशीटची, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदाची, तारीख धरेल. तुमच्या बाजूने म्हणता येईल की दोष प्रत्येक वेळी दूर झाल्याचं सांगितलं गेलं, म्हणून खरं कारण पंधराव्या महिन्यात, फुकट दुरुस्तीला नकार मिळाला तेव्हा घडलं. युक्तिवाद चांगला आहे, आयोग तो मान्यही करू शकेल. पण हाताशी वेळ असताना त्याच्या भरवशावर राहू नका. पहिल्या जॉबशीटपासून 2 वर्षं मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल करा.

ईमेल पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही, म्हणून आधी नोटीस, मग महिनाभर उत्तराची वाट, असा बेत असेल तर सोडा. नोटीस आजच पाठवा, पण तक्रारीचा मसुदाही आजच करायला घ्या. 2009 साली स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल, स्पष्ट केलं आहे की मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी तो आयोगाने स्वतःच तपासायचा असतो. उशीर माफ होऊ शकतो, मात्र त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते नोंदवावं लागतं. ‘पत्रव्यवहार चालू होता’ एवढ्यावर सहसा भागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कामासाठी लॅपटॉप लागत असेल तर दुसरा जरूर घ्या, त्याने दाव्याला धक्का लागत नाही. जुना मात्र एक्स्चेंजमध्ये देऊ नका आणि बाहेर उघडूही नका. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. बाहेरच्या कारागिराने पॅनेल बदललं की तपासायला उरतं काय? शिवाय ‘तुम्हीच बिघडवलं’ हा बचाव तुम्ही कंपनीच्या हातात आयता ठेवाल.

न उघडता एक गोष्ट करा. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुधा पॅनेलमध्ये किंवा केबलमध्ये, तिथेही रेघा असतील तर ग्राफिक्समध्ये किंवा मदरबोर्डमध्ये. झाकण हळूहळू उघडताना रेघा येत-जात असतील तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्या. या सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. याने उत्पादनातला दोष सिद्ध होईलच असं नाही, पण एकाच ठिकाणी तीन वेळा बिघाड झाल्याच्या नोंदींसोबत तुमची बाजू बळकट होते. नवी वस्तू किंवा पैसे परत हवे असतील तर तज्ज्ञाचं मत बहुतेक वेळा लागतंच, म्हणून तिन्ही मागण्या पर्यायाने मागा : नवा लॅपटॉप, नाहीतर किंमत परत, नाहीतर फुकट दुरुस्ती.

पहिली जॉबशीट जपून ठेवली नाही आणि दुसरीवर ‘दोष दूर झाला, समाधान आहे’ या ओळीखाली न वाचता सही केली, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. वाचून मला राग आला, कारण ज्या कागदांवर सगळं ठरतं तेच कागद लोक असे सोडून देतात. पहिल्या दुरुस्तीचा एसएमएस शोधा, सर्व्हिस सेंटरकडे या लॅपटॉपच्या दुरुस्त्यांची पूर्ण नोंद लेखी मागा. दिली नाही तर आयोगाकडून ती हजर करायला लावता येते. त्या सहीने तुमचा हक्क संपत नाही. त्या दिवशी पडदा चालू होता, इतकंच ती सांगते.

लॅपटॉपची किंमत 5 लाखांच्या आत, म्हणजे आयोगाचं शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीबरोबर विक्रेत्यालाही पक्षकार करा. बिल तुमच्या फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे वस्तू धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप येईल, तेव्हा उपजीविकेसाठी स्वतः वापरत होतो हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

निकाल कधी लागेल, हे मी सांगणार नाही. कायदा 3 महिने म्हणतो, तपासणी लागली तर 5. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, पदं रिकामी राहतात आणि या काळात वस्तूच जुनी होऊन जाते. तीस वर्षं वापरायच्या घराला असा उशीर एकवेळ सोसतो, चार-पाच वर्षांच्या लॅपटॉपला सोसत नाही, आणि याची चीड मला प्रत्येक सुनावणीला येते. म्हणून तक्रार दाखल झाल्यावर कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला तर झिडकारू नका. फक्त नव्या पॅनेलवर आणि केबलवर किती महिन्यांची वॉरंटी, तेवढ्यात दोष परत आल्यास काय देणार, हे लेखी घ्या आणि आयोगासमोर नोंदवा. फोनवरच्या आश्वासनावर तक्रार मागे घेऊ नका.